संप्रेरकाचे नाव कळले म्हणजे गाठ कळली असे नाही

पियुषिका ग्रंथीच्या, म्हणजे दवाखान्यात जिला सगळे पिट्यूटरी म्हणतात तिच्या गाठींविषयी एक सोयीची समजूत रूढ आहे. रक्तात प्रोलॅक्टिन वाढले आणि एमआरआयमध्ये गाठ दिसली, म्हणजे ती प्रोलॅक्टिनची गाठ. वृद्धी संप्रेरक वाढले, हातपाय आणि जबडा मोठा होऊ लागला, म्हणजे वृद्धी संप्रेरकाची गाठ. काहीच वाढलेले नसेल तर गाठ निष्क्रिय. गाठीतून बाहेर पडणारा माल ओळखला की गाठ ओळखली, असा हा हिशेब. रुग्ण तो मानतात, नातेवाईक मानतात, आणि कामाच्या रेट्यात पुष्कळ डॉक्टरही मानतात.

हा हिशेब उथळ आहे. गाठ कोणते संप्रेरक बनवते एवढ्यावर तिचा स्वभाव ठरत नाही. ती ते कसे बनवते, कुठे साठवते, कोणत्या बाजूने सोडते आणि नको झाले तर कसे मोडीत काढते, यावर तो ठरतो. एकाच संप्रेरकाच्या दोन गाठी दोन वेगळे आजार असू शकतात, आणि रक्तात काहीही न सोडणारी गाठ आतून कामात बुडालेली असू शकते. हे आपल्याला शिकवले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. रोजच्या निदानातून हे यंत्र आता जवळजवळ हद्दपार झाले आहे, आणि त्याबरोबर त्याने विचारायला लावलेले प्रश्नही हद्दपार होतील अशी मला भीती वाटते. म्हणून हा युक्तिवाद टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. रंगावरून ओळख, आणि तिने केलेली दिशाभूल

जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाच्या या ग्रंथीचा पुढचा भाग सहा प्रमुख संप्रेरके बनवतो. हातपाय आणि जबडा मोठा होण्याच्या आजाराचे, म्हणजे ॲक्रोमेगॅलीचे, वर्णन प्येर मारी यांनी १८८६ मध्ये केले, त्यानंतर या ग्रंथीच्या गाठींकडे वैद्यकाचे लक्ष वळले. त्या काळी हाताशी होता तो साधा सूक्ष्मदर्शक आणि काही रंजके. पेशींनी आम्लधर्मी रंग घेतला तर एक वर्ग, आम्लारीधर्मी घेतला तर दुसरा, कोणताच नीट घेतला नाही तर तिसरा. आम्लधर्मी रंग घेणाऱ्या गाठींचा संबंध ॲक्रोमेगॅलीशी लागला. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये दुसऱ्या वर्गातल्या गाठींचा संबंध त्यांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या आजाराशी जोडला. उरला तिसरा वर्ग. तो सर्वांत मोठा होता. या गाठी रंग घेत नाहीत म्हणजे त्यांच्यात संप्रेरक नाही, त्या नुसत्या जागा अडवतात आणि दृष्टिचेतेवर दाब आणतात, असे मानले गेले.

ही चूक कित्येक दशके टिकली. तिच्या विरुद्ध पुरावा रुग्णांच्या रूपाने समोर येत होता. पाळी थांबलेल्या आणि बाळंतपण नसतानाही दूध येणाऱ्या स्त्रियांमध्ये या ‘निष्क्रिय’ गाठी सापडत होत्या. फोर्ब्स, ऑलब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. पण माणसात प्रोलॅक्टिन हे वृद्धी संप्रेरकाहून वेगळे संप्रेरक आहे हेच १९७०-७१ पर्यंत पक्के झालेले नव्हते.

चुकीचे मूळ मात्र भौतिकशास्त्रात होते. दृश्य प्रकाशाने साधारण २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. संप्रेरक पेशीत ज्या कणांच्या रूपाने साठते, ते या गाठींमध्ये बहुधा १५० ते ३०० नॅनोमीटरचे असतात. असे कण शेकड्यांनी दाटले तरच पेशीला रंग चढतो. विरळ असतील तर पेशी फिकी राहते. म्हणजे रंजक मोजत होते ते साठ्याची दाटी. पेशी संप्रेरक बनवते की नाही, याचा त्या रंगाशी थेट संबंधच नव्हता.

उलट दिशेची फसगतही होत होती. काही गाठी छान गुलाबी रंग घेत, पण रुग्णाला ॲक्रोमेगॅलीचा मागमूस नसे. १९७३ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांचा उलगडा केला. त्या पेशी तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकॉण्ड्रियांनी, गच्च भरलेल्या होत्या आणि रंग घेत होत्या त्या तंतुकणिका. संप्रेरकाचे कण तिथे तुरळकच होते. एकच रंग दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो हे कळल्यावर रंगावर उभारलेले वर्गीकरण टिकणे शक्य नव्हते.

२. पाहण्याची सोय कशी झाली

बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला, पण जैविक ऊती त्यात पाहण्याजोग्या करायला आणखी दोन-तीन दशके गेली. इलेक्ट्रॉन हवेतून नीट जात नाहीत, म्हणून नमुना निर्वातात ठेवावा लागतो. जाड छेदातून ते आरपार जात नाहीत, म्हणून छेद साधारण ७० नॅनोमीटरचा लागतो. त्यासाठी ऊती आधी ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करायची (ही पद्धत १९६३ ची), मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड द्यायचे, रेझिनमध्ये बसवायची, हिऱ्याच्या पात्याने कापायची आणि शिसे व युरेनियमच्या क्षारांनी तिच्यातले बारकावे उठवायचे.

राइनहार्ट आणि मॅरिलिन फार्कर यांनी उंदराच्या पियुषिकेवरचे असे काम १९५३ मध्येच प्रसिद्ध केले होते. माणसाच्या गाठींसाठी अडचण वेगळी होती. मृत्यूनंतर काही तासांत पेशींची आतली रचना विस्कटते, त्यामुळे शवविच्छेदनातली ऊती या कामाला फारशी उपयोगाची नाही. माँट्रियालमध्ये ज्यूल आर्डी यांनी १९६० च्या दशकात नाकावाटे, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरून गाठ काढण्याचे तंत्र रुळवले, आणि ताजी, स्वच्छ, नेमकी गाठीचीच ऊती हाती येऊ लागली. त्याच सुमाराला बर्सन आणि रोझलिन यॅलो यांच्या रेडिओइम्युनोअसेमुळे रक्तातली संप्रेरके मोजता आली. एका बाजूला रक्तातला आकडा, दुसऱ्या बाजूला पेशीच्या आतले चित्र, आणि दोन्ही एकाच रुग्णाचे. या जुळणीतून टोरंटोच्या सेंट मायकेल्स हॉस्पिटलमध्ये हंगेरीहून आलेल्या कालमान कोव्हाक्स आणि एव्हा होर्वाथ यांनी पियुषिकेच्या गाठींची नवी वर्गवारी घडवली. अमेरिकेच्या आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजीच्या ग्रंथमालेत १९८६ मध्ये आलेला त्यांचा खंड या विषयाचा पाया मानला जातो.

३. साठा आणि उत्पादन या दोन गोष्टी आहेत

सर्वांत नेहमी आढळणारी प्रोलॅक्टिनची गाठ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते ते पाहू. पेशीचा मोठा भाग आंतर्द्रव्यजालिकेच्या समांतर पदरांनी व्यापलेला असतो. पदरांच्या कडेला रायबोसोमचे काळे ठिपके ओळीने बसलेले असतात, आणि कधी कधी हे पदर एकमेकांभोवती वेटोळे घालतात. केंद्रकाजवळ गॉल्गी संकुल ऐसपैस पसरलेले असते. त्याच्या कोशिकांत आकार घेत असलेले, अजून पुरते गोल न झालेले काळे कण दिसतात. प्रथिने तयार करणारी यंत्रणा पूर्ण जोमात असल्याची ही सगळी चिन्हे. आणि तयार कण? इथे चार, तिथे पाच. बाकी पेशी मोकळी.

साध्या सूक्ष्मदर्शकाने ‘निष्क्रिय’ ठरवलेली पेशी ती हीच. गोदाम रिकामे आहे म्हणून कारखाना बंद आहे असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात माल तयार होताच बाहेर जात होता. या एका चित्राने तिसऱ्या वर्गातल्या गाठींचा मोठा वाटा निष्क्रियांच्या यादीतून बाहेर काढला.

याच पेशींत आणखी एक गोष्ट दिसते. संप्रेरक सोडणारी पेशी आपले कण सहसा रक्तवाहिनीच्या बाजूला रिकामे करते. होर्वाथ आणि कोव्हाक्स यांनी १९७४ मध्ये दाखवले की प्रोलॅक्टिनच्या गाठींत कण शेजारच्या दोन पेशींच्या मधल्या फटीत, रक्तवाहिनीपासून दूर, रिकामे होताना सापडतात. पेशीच्या आवरणाला एक खळगा पडलेला असतो आणि त्यात काळा कण अर्धवट बाहेर आलेला. हे लक्षण इतके ठरावीक आहे की त्यावरून पेशीचा वंश सांगता येतो. रक्ताच्या कोणत्याही तपासणीत ‘कोणत्या बाजूने सोडले’ हा रकाना नसतो.

यावर कोणी म्हणेल की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र स्थिर असते. थांबलेल्या क्षणावरून चालू प्रक्रिया कशी सांगणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर १९६६ मध्ये स्मिथ आणि फार्कर यांच्या प्रयोगाने दिले. पिल्लांना पाजणाऱ्या उंदराच्या माद्यांपासून त्यांनी पिल्ले दूर केली. दूध प्यायला कोणी नाही म्हणजे प्रोलॅक्टिनची मागणी अचानक संपली. मग वेगवेगळ्या तासांनी पियुषिका काढून पाहिली. तयार कण पेशीच्या लयकारिकांमध्ये, म्हणजे लायसोसोममध्ये, शिरताना आणि विरघळताना दिसले. पुढच्या काळात कण बनवणारी जालिका आणि रायबोसोमही त्याच वाटेने गेले. पेशी नको असलेला माल स्वतःच मोडीत काढते, आणि गरज पडली तर यंत्रणाही आवरती घेते, हे त्यातून कळले. वेळ बदलत एकामागून एक स्थिर चित्रे घेतली की प्रक्रिया उलगडते. हा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्याने संप्रेरकाच्या आयुष्याला शेवटही असतो हे दाखवले. तोवर सगळे लक्ष जन्माकडेच होते.

४. एकच संप्रेरक, दोन आजार

वृद्धी संप्रेरकाच्या गाठी हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा. दोन रुग्ण घ्या, दोघांनाही ॲक्रोमेगॅली, दोघांच्याही रक्तात वृद्धी संप्रेरक वाढलेले. एकाच्या गाठीतल्या पेशी ३०० नॅनोमीटर आणि त्याहून मोठ्या गोल, गडद कणांनी भरलेल्या. केंद्रक मधोमध, एकंदर रूप निरोगी वृद्धी पेशीच्या जवळचे. दुसऱ्याच्या गाठीत कण बारीक आणि विरळ, आणि केंद्रकाला एका बाजूला रेटून बसलेला एक गोलसर पिंड. मोठ्या वर्धनावर पाहिले की हा पिंड म्हणजे केराटिनच्या तंतूंचा गुंता असल्याचे दिसते. त्यात जालिकेचे तुकडे आणि काही कणही अडकलेले असतात. त्याच्या दाबाने केंद्रक चंद्रकोरीसारखे वाकते.

हा फरक केवळ दिसण्याचा असता तर त्यात हौशी लोकांनीच रस घेतला असता. पण विरळ कणांच्या गाठी तुलनेने तरुण वयात आढळतात, मोठ्या असतात, आजूबाजूच्या हाडात आणि शिरांच्या पोकळीत घुसण्याकडे त्यांचा कल असतो, आणि ऑक्ट्रिओटाइडसारख्या औषधांना त्या कमी दाद देतात. दाट कणांच्या गाठी बहुधा हळू वाढतात आणि औषधाला चांगली दाद देतात. एमआरआयच्या टी-२ प्रतिमेतही विरळ कणांची गाठ जास्त उजळ दिसण्याकडे कल असतो. रक्तातल्या संप्रेरकाचे नाव दोन्हीकडे तेच. पुढची दहा वर्षे मात्र वेगळी जाण्याची शक्यता मोठी.

प्रोलॅक्टिनच्या बाजूलाही असेच एक उदाहरण आहे. आम्लरंगी मूलपेशींची गाठ म्हणून ओळखला जाणारा एक दुर्मीळ प्रकार आहे. रुग्णाच्या रक्तात प्रोलॅक्टिन थोडेच वाढलेले असते, गाठ मात्र मोठी आणि आक्रमक. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, गाठीच्या मानाने प्रोलॅक्टिन कमी आहे, म्हणजे ही गाठ दुसरीच काहीतरी आहे आणि प्रोलॅक्टिन तिच्या दाबाने वाढले आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत मोकळ्या पोकळ्या दिसतात, आणि त्या ऊती तयार करताना झालेली खराबी म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले की त्या पोकळ्या म्हणजे प्रचंड फुगलेल्या तंतुकणिका आहेत. या गाठी प्रोलॅक्टिनच्या नेहमीच्या गोळ्यांना नीट दाद देत नाहीत. ज्याला खराबी समजलो तेच निदान होते.

५. मूक गाठी

आता ‘काहीच वाढलेले नाही, म्हणजे निष्क्रिय’ या समजुतीकडे वळू. होर्वाथ, कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अशा गाठींचे वर्णन केले ज्यांच्या पेशींत एसीटीएच हे अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक सापडते, पण रुग्णात कुशिंगच्या आजाराची लक्षणे नसतात. त्यांनी रचनेवरून यांचे उपप्रकार पाडले. पहिल्यातल्या पेशी कुशिंगच्या आजारातल्या पेशींसारख्याच, दाट कणांच्या. मग लक्षणे का नाहीत? कण तयार होतात आणि लयकारिकांतच विरतात, अशी एक शक्यता मांडली गेली. ती स्मिथ-फार्कर यांच्या प्रयोगाशी जुळणारी होती. पुढे जैवरसायनाने दुसरे कारण पुढे आणले: मूळ मोठ्या प्रथिनाला कापून एसीटीएच तयार करणारे विकर या गाठींमध्ये कमी असते. हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला दिसणारे नाही, हे मी मान्य करतो. पण ‘बनते तर बाहेर का येत नाही’ हा प्रश्न त्यानेच टेबलावर ठेवला.

तिसऱ्या उपप्रकाराची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्यात एसीटीएच क्वचितच सापडे, गाठ आक्रमक असे, आणि पेशींच्या केंद्रकाच्या आत गोलसर पिंड दिसत. एसीटीएचच्या कुटुंबात हा प्रकार बसत नाही असे रचनेवरूनच वाटत होते. पुढे पेशीचा वंश ठरवणारी प्रथिने शोधली गेली. त्यातले टी-पिट एसीटीएच बनवणाऱ्या पेशींचे, पिट-१ वृद्धी संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच बनवणाऱ्या पेशींचे, तर एसएफ-१ प्रजननाशी निगडित संप्रेरकांच्या पेशींचे. या कसोटीवर तिसरा उपप्रकार टी-पिटचा नसून पिट-१ च्या घराण्याचा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आणि नंतर २०२२ च्या वर्गीकरणात तो तिथेच आहे. १९८० साली रचना पाहून वेगळी काढलेली गाठ चार दशकांनी आपल्या खऱ्या घरी पोचली. वेगळी काढलीच नसती, तर तिचे घर शोधायला कोणी गेले नसते.

याच ओघात क्रुक यांचा उल्लेख करायला हवा. त्यांनी १९३५ मध्ये कुशिंगच्या रुग्णांच्या पियुषिकेत काही पेशी काचेसारख्या, कणरहित झालेल्या पाहिल्या. आजाराचे कारण याच पेशी असतील का, असा प्रश्न तेव्हा पडला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले की केंद्रकाभोवती केराटिनच्या तंतूंचे कडे जमलेले असते आणि कण कडेला ढकललेले असतात. रक्तातल्या जादा कॉर्टिसॉलला निरोगी पेशींनी दिलेला हा प्रतिसाद आहे; त्या गप्प बसल्या आहेत. गाठीतल्या पेशींमध्ये असा बदल सहसा होत नाही, आणि गाठीतच तो मोठ्या प्रमाणात दिसला तर ती गाठ आक्रमक असण्याचा धोका असतो. एकच खूण निरोगी पेशीत आज्ञाधारकपणाची आणि गाठीत धोक्याची ठरते. पेशी कोणाची हे कळल्याशिवाय खुणेचा अर्थ लागत नाही.

६. औषधाने गाठ लहान होते, म्हणजे नेमके काय होते?

ब्रोमोक्रिप्टिन दिल्यावर प्रोलॅक्टिनची मोठी गाठही काही आठवड्यांत आक्रसते. पेशी मरतात म्हणून असे होते, असा पहिला अंदाज कोणीही करेल. अशा गाठींचे छेद पाहिल्यावर दिसले की मुख्यतः पेशींचा आकार कमी झाला आहे: जालिकेचे पदर आणि गॉल्गी संकुल ओसरले आहेत, पेशीद्रव कमी झाला आहे आणि केंद्रके दाटीवाटीने एकत्र आली आहेत. कारखाना आवरता घेतला आहे, पाडलेला नाही. गोळी अचानक बंद केली तर पुष्कळ गाठी पुन्हा का फुगतात, हे यावरून सरळ कळते. रुग्णाला ‘बरे वाटले तरी स्वतःहून गोळी थांबवू नका’ असे जे बजावले जाते, त्याचा आधार या चित्रांत आहे.

७. आक्षेप

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: आता प्रतिपिंडांनी रंगवून संप्रेरके ओळखता येतात, वंश ठरवणारी प्रथिने ओळखता येतात, केराटिनच्या विरुद्धचे कॅम ५.२ हे प्रतिपिंड वापरले तर विरळ कणांच्या गाठीतला तो पिंड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखा उठून दिसतो. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कशाला?

रोजच्या निदानापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. शंभरातल्या बहुतेक गाठींना प्रतिपिंड पुरतात, ते स्वस्त आहेत आणि गाव-शहरांतल्या प्रयोगशाळांना झेपतात. पण त्या ठिपक्याचा अर्थ आपल्याला कुठून कळला? आधी कोणीतरी तंतूंचा गुंता पाहिला, तो कोणत्या रुग्णांत असतो हे नोंदवले, तो केराटिनचा आहे हे ठरवले. त्यानंतरच प्रतिपिंडाला काम मिळाले. प्रतिपिंड आपण विचारलेल्या प्रश्नाचे हो किंवा नाही एवढेच उत्तर देते. न विचारलेली गोष्ट दाखवण्याची ताकद पूर्ण रचना दाखवणाऱ्या साधनात असते. फुगलेल्या तंतुकणिका कोणी मागितल्या नव्हत्या, त्या दिसल्या. आणि हे दोन मार्ग एकमेकांचे वैरी नाहीत: सोन्याच्या सूक्ष्म कणांना प्रतिपिंडे जोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काही पेशींत वृद्धी संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन दोन्ही एकत्र नांदतात हे दिसले. ‘एक पेशी, एक संप्रेरक’ हा जुना नियम त्याने मोडला.

दुसरा आक्षेप: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेही चुका केल्या. हे खरे आहे, आणि त्याचे उदाहरण मोठे आहे. ज्या गाठींत वंशाची कोणतीच ठळक खूण सापडली नाही, त्यांचा ‘कोणाच्याच नाहीत’ असा एक वर्ग १९८० च्या सुमारास पाडला गेला. एसएफ-१ ची तपासणी आल्यावर त्यातल्या बहुतेक गाठी प्रजनन संप्रेरकांच्या घराण्यातल्या निघाल्या, आणि तो वर्ग आता फारच लहान उरला आहे. दिसली नाही म्हणजे नाही, ही रंजकांच्या काळातली चूक इथे वरच्या पायरीवर पुन्हा झाली. पण याचा निष्कर्ष ‘रचना पाहू नका’ असा निघत नाही. प्रत्येक साधनाच्या ‘नाही’ला मर्यादा असते असा निघतो, आणि तो आजच्या प्रतिपिंडांनाही तितकाच लागू आहे.

तिसरा आक्षेप नमुन्याचा. एक मिलिमीटरचा तुकडा, त्यातला ७० नॅनोमीटरचा छेद. त्यावरून दोन सेंटिमीटरच्या गाठीबद्दल काय बोलणार? जपून बोलायचे, हेच उत्तर. आधी जाडसर छेद घेऊन टोल्युडिन ब्ल्यूने रंगवायचे, गाठीचाच भाग आहे ना हे ठरवायचे, दोन-तीन ठिकाणचे तुकडे घ्यायचे. हा दोष कामाच्या पद्धतीने कमी करता येतो.

खर्चाचा मुद्दा उरतो. प्रत्येक गाठीची अशी तपासणी करा असे मी म्हणत नाही. सार्वजनिक रुग्णालयांच्या खर्चाच्या ताणात ते शहाणपणाचेही नाही. पण रक्तातला आकडा, प्रतिपिंडांचा निकाल आणि रुग्णाचे चित्र एकमेकांशी जुळत नाही अशा थोड्या गाठी दरवर्षी येतातच. गाठ मोठी पण संप्रेरक थोडे, निष्क्रिय म्हटलेली गाठ दोनदा काढूनही परतणारी, औषधाला अनपेक्षितपणे न बधणारी. या गाठींसाठी मोठ्या वैद्यकीय संस्थांतली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सोय वापरता येते. अडते ते दुसरीकडेच: संशय येईपर्यंत ऊती फॉर्मॅलिनमध्ये गेलेली असते, आणि फॉर्मॅलिन-मेणातून परत काढलेल्या ऊतीत आवरणे आणि कण नीट टिकलेले नसतात.

म्हणून पियुषिकेच्या गाठीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या आणि ती तपासणाऱ्या सर्वांना एकच विनंती आहे. नमुना फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकण्याआधी त्यातला एक-दोन मिलिमीटरचा ताजा तुकडा ग्लुटराल्डिहाइडच्या छोट्या बाटलीत ठेवा, त्यावर रुग्णाचा क्रमांक लिहा आणि ती बाटली थंड जागी जपून ठेवा. बहुतेक वेळा ती उघडावी लागणार नाही. ज्या वेळी लागेल, त्या वेळी त्या रुग्णाच्या गाठीबद्दल विचारता येईल असा दुसरा ताजा तुकडा कोणाकडेच नसेल.